तिसऱ्या गिअरमधले मायनस पाच

फेब्रुवारीचा पहिला रविवार. गाडीची ठरलेली रक्कम पाच लाख चाळीस हजार. हजर तिघे: सुनीता वहिनी, दौंडचे काळे आणि मी. कारेगावला तुझ्या घरापुढच्या पत्र्याखाली आम्ही उभ्या उभ्याच बोललो. बॉनेटवर कुणी हात टेकला नाही. तू कुणाला टेकू द्यायचा नाहीस, हे काळेंना माहीत असायचं कारण नव्हतं. तरी त्यांनीही हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

दिलीप, तुला जाऊन सव्वा महिना झाला. पुण्यानुमोदनाला तुझ्याबद्दल बरेच जण बोलले. कंपनीतले बोलले, तळेगाव ढमढेऱ्याहून आलेले तुझे चुलते बोलले. माझं नाव दोनदा पुकारलं. मी उठलो नाही. मला जे बोलायचं होतं त्यात आकडे होते, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नव्हता.

काळे रेल्वेत इंजिन चालवतात. अंगाने तुझ्याएवढेच, बोलायला तुझ्यापेक्षा सावकाश. गाडी त्यांना पसंत होती. पण त्यांनी अट घातली, आणि अट रास्त होती. टर्बो मोठा, सायलेन्सरचा पाइप मोठा, स्प्रिंगा कापून गाडी खाली आणलेली, कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदललेलं. एवढं केल्यावर इंजिन आतून कसं आहे ते त्यांना कागदावर हवं होतं. रीडिंग मी घेत होतो हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. म्हणून कागद माझ्या सहीचा हवा होता.

ते गेल्यावर वहिनींनी चहाचे कप उचलले नाहीत. तुझा लॅपटॉप मांडीवर घेऊन समोर बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, सही करा नायतर नका करू. गाडी इकली काय आन् न्हाई काय. पन मला एक सांगा. त्यांनी ते आकडं खोटं केलं व्हतं का?"

मला वाटत होतं, ते भांडण आपल्या दोघांपुरतं होतं. तू घरी सांगितलं होतंस. त्या दिवशी तू जेवला नव्हतास, हेही त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, बघून सांगतो. नवऱ्याच्या खरेपणाबद्दल बाई विचारते आहे आणि मी म्हणतो बघून सांगतो. पण मला दुसरं काही बोलता येत नव्हतं, हे तुला पटेल. न मोजता मी कधी हो म्हटलं नाही आणि न मोजता नाही म्हटलं नाही. तू मला इन्स्पेक्टर म्हणायचास ते उगीच नाही.

तू मेंटेनन्सला, मी क्वालिटीला. कारखान्यात या दोन खात्यांचं सहसा पटत नाही. आपलं पटलं ते पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेसमुळे. सगळे गेज बरोबर दाखवत होते आणि माल मात्र वाकडा येत होता. तू मशीनला कान लावून उभा राहिलास आणि म्हणालास, डावीकडचं बेअरिंग रडतंय. मी हसलो. बेअरिंग काढलं तर खरंच गेलेलं. त्या दिवसापासून तुझा कान आणि माझे आकडे, अशी आपली जोडी लागली. पुढं तू ती लाल टर्बो गाडी घेतलीस. मुंबईच्या आधीच्या मालकाने ती चालवली कमी आणि धुतली जास्त, असं तू सांगायचास. दर दोन महिन्यांनी तिला नवीन काहीतरी लागायचं. हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप तू बाथरूममध्ये भांड्याच्या साबणाने धुतलास आणि वहिनींनी तुला पाइपसकट बाहेर काढलं, तेव्हा मी ओट्यावर बसून कांदे चिरत होतो. तुमच्या घरात मला पाहुणा कधी कुणी समजलं नाही.

रविवारी सकाळी शिरूरहून न्हावऱ्याकडे निघायचं. न्हावरा ओलांडून दौंडच्या बाजूला सरळ मोकळा पट्टा आला की तिसरा गिअर, पेडल तळाला, दहा-बारा सेकंद. तू स्टिअरिंगवर, मी डाव्या सीटवर लॅपटॉप घेऊन. नंतर टपरीवर गाडी लावायची आणि चहा गार होईपर्यंत आकडे वाचायचे. किती हवा आत गेली, किती पेट्रोल, आत जाणारी हवा किती तापली. हे सगळं ठीक असायचं. भांडण फक्त एका कॉलमचं होतं.

इंजिनाला एक छोटा सेन्सर असतो. तू त्याला कान म्हणायचास. पेट्रोल चुकीच्या वेळी आपोआप पेटलं तर पिस्टनवर हातोडीसारखा घाव बसतो. तो ठोका सेन्सरने ऐकला की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, आणि किती अंश उशिरा ते कॉलममध्ये दिसतं. शून्य म्हणजे ठीक. मायनस एक-दोन चालवून घेता येतं. आपल्याला दिसत होतं मायनस पाच, तेही दर वेळी. हे असंच चालू राहिलं तर इंजिन एक दिवस फुटेल, असं मी म्हणत होतो. तुझं म्हणणं असं की मोठ्या पाइपची कसलीतरी थरथर आहे, कान फसतोय, आत काही नाही.

"मी एकटा आसलो की गप चालती," तू म्हणालास. "तू बसला की तिला घाम फुटतो."

तुझी चेष्टा मला कळायची. पण त्या उन्हाळ्यात तू एकट्याने घेतलेली तीन रीडिंग मला मोबाइलवर पाठवलीस. रस्ता तोच, आठवडा तोच. तिन्हींमध्ये कॉलमभर शून्य. मी उत्तर पाठवलं, फार स्वच्छ आहेत. पुढच्या रविवारी मी बसलो आणि पुन्हा मायनस पाच आलं. टपरीवर मी म्हणालो, एकटा असताना तू पेडल पूर्ण दाबत नाहीस. तू पेडलचा कॉलम दाखवलास, शंभर टक्के. मी म्हणालो, ही फाइल एक्सेलमध्ये उघडते. एक्सेलमध्ये उघडलेल्या फाइलीत कुणीही काहीही लिहू शकतो.

तू लॅपटॉप बंद केलास. चहाचे पैसे दिलेस. मला शिरूरला घरापाशी सोडलंस आणि "येतो" म्हणालास.

आपलं बोलणं बंद झालं नाही. ते झालं असतं तर निदान कुणीतरी मध्ये पडलं असतं. कंपनीत डबा एकत्र खाल्ला, माझ्या पोरीच्या ॲडमिशनला तू रजा टाकून आलास, माझ्या आईला प्लास्टर काढायला तूच नेलंस. पण नेलंस ते तुझ्या भावाच्या गाडीने. लाल गाडीत मी पुन्हा बसलो नाही. तू बोलावलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मी वाट बघत होतो की तू म्हणशील, चल, तूच दाब पेडल, आणि बघ. तू कशाची वाट बघत होतास ते मला माहीत नाही. डिसेंबरच्या शेवटी तुझ्या मेंदूत रक्त साकळलं आणि मग विचारायला कुणी राहिलं नाही.

वहिनींनी विचारल्यावर मी लॅपटॉप घरी आणला आणि तुझी सगळी रीडिंग पहिल्यापासून उघडली. मी शोधत होतो खोटा आकडा. जुळवून लिहिलेला आकडा मला ओळखू येतो. माझं पोट त्यावर चाललंय. खऱ्या आकड्यांना थोडा कंप असतो आणि बनवलेले आकडे फार शिस्तीत चालतात. तुझ्या फाइलींत शिस्त नव्हती. पण शिस्त नसणं हा पुरावा नाही. हुशार माणूस कंपही घालू शकतो, आणि तू हुशार होतास.

त्यात मला दुसरंच काही दिसलं. पट्टा संपला की तू पेडल सोडायचास, गाडी शांत चालायची आणि रेकॉर्डिंग चालूच राहायचं. आपण तेव्हा गप्पा मारत असायचो, म्हणून ते मी कधी वाचलं नव्हतं. तिथे, दर फाइलीत, एकाच जागी तुझा पाय पेडलवरून पूर्ण उठतो. दोनेक सेकंद शून्य, मग पुन्हा हलकेच खाली. मी बरोबर असताना आणि नसतानाही. अंतरावरून जागा काढली आणि जाऊन पाहिली. वळण नाही, गतिरोधक नाही, शाळा नाही. दोन्ही बाजूंना ऊस आणि पाटाच्या पाण्याची एक चारी. तू तिथं पाय का उचलायचास? वहिनींना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. आता ते कुणालाच माहीत नाही, फक्त गाडीला माहीत आहे की तसं होतं.

मग मी गाडी काढली. तुझ्या सीटवर बसलो. सीट तू बसायचास तशीच, मागे ओढलेली. ती पुढे घेताना मला वहिनींकडे बघवेना. मला वेगाची हौस कधीच नव्हती. तू मला एकदा गाडी दिली होतीस तेव्हा मी अर्ध्याच्या पुढे पेडल नेलं नव्हतं, आणि तू म्हणाला होतास, "दाब की. पेडल हाय, पिकल्यालं आंबं न्हाई." त्या सकाळी न्हावऱ्यापुढे मी दाबलं. तळाला. गाडीने मला मागे ढकललं. थांबून वाचलं. शून्य. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा शून्य.

परत येताना चारीपाशी माझा पाय उठला. मी उचलला नव्हता. घरी येऊन फाइलीत पाहिलं तेव्हा कळलं. तुझ्या रेघेवर माझी रेघ ठेवली असती तर कुठली कुणाची ते सांगता आलं नसतं.

शून्य आलं म्हणून मी सही करू शकलो असतो. पण फेब्रुवारीतली सकाळ गार होती आणि आपलं भांडण उन्हाळ्यातलं. गार हवेत ठोका कमी पडतो. तेव्हा वहिनींना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, पण मी गेलो की त्या लॅपटॉपकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

पुढच्या रविवारी काळे गाडी चालवून बघायला आले. ते स्टिअरिंगवर बसले. मी लॅपटॉप घेऊन डावीकडे, माझ्या जागेवर. पट्टा आला, त्यांनी तिसऱ्यात पेडल दाबलं, आणि माझ्या समोर कॉलम उतरायला लागला. मायनस दोन. मायनस चार. मायनस पाच पॉइंट दोन.

सकाळ तितकीच गार होती. पेट्रोल तेच होतं, मीच भरलं होतं. मी उजवीकडे बघू शकलो नाही. मला वाटलं, बघितलं तर तू असशील आणि म्हणशील, बघ, बसलास ना.

काळे अनुभवी माणूस. माझा चेहरा बघून त्यांनी गाडी कडेला घेतली. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि होतं ते सांगितलं, एकट्याने शून्य येतं, हेही सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून कॉलम वरून खाली वाचला. मग म्हणाले, "आमच्या मागं चोवीस डबं लावलं तरी आमचं इंजान आसं करीत न्हाई, सायेब. तुम्ही उतरा बरं."

मी उसाच्या कडेला उभा राहिलो. ते एकटेच गेले आणि आले, लॅपटॉप सीटवर ठेवून. शून्य.

आम्ही पुन्हा दोघे बसलो. मायनस पाच.

दर सहा महिन्यांनी मी कंपनीत नव्या पोरांना एक धडा देतो. तोच तुकडा, तेच गेज, पण मोजणारा बदलला की आकडा बदलतो, म्हणून मोजणाऱ्यालाही हिशोबात धरायचं. हे मी फळ्यावर लिहून देतो आणि पोरांकडून म्हणवून घेतो. दिलीप, मी त्र्याण्णव किलोचा माणूस आहे. तू शंभराच्या वर होतास. स्प्रिंगा कापलेल्या त्या गाडीत मी दर वेळी माझं वजन घेऊन बसायचो आणि मांडीवरच्या आकड्यांत दोष शोधायचो.

काळेंना मी म्हणालो, मला दोन दिवस द्या. ते म्हणाले, आठ घ्या.

कारेगावला येऊन मी वहिनींकडे गाईच्या पेंडीच्या दोन गोण्या मागितल्या. एकेक पन्नास किलोची. एका बाजूने त्यांनी धरलं. डाव्या सीटवर गोण्या ठेवल्या तर सीटबेल्ट लावा म्हणून गाडी टुंग टुंग वाजायला लागली, तेव्हा गोण्यांना बेल्ट लावला. वहिनींनी विचारलं, ह्या कशाला. मी म्हणालो, माझ्या जागी.

गोण्या मुकाट्याने बसून होत्या. न्हावऱ्यापर्यंत मी दोनदा त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलायला गेलो. तू माझ्याशी कसा बोलायचास ते मला तेव्हा कळलं: रस्त्यावरची नजर न काढता, अर्धं वाक्य माझ्याकडे आणि अर्धं गाडीकडे. पट्ट्यावर पेडल दाबलं. मायनस चार पॉइंट आठ. एक गोणी उतरवून बांधावर ठेवली आणि पुन्हा गेलो. शून्य.

न्हावऱ्याच्या फाट्यावर एक वेल्डर आहे. त्याच्याकडे ट्रॅक्टरसाठी खड्डा आहे, त्यावर गाडी घेतली. खाली उतरून बॅटरी मारली. सायलेन्सरचा मोठा पाइप मागच्या आडव्या दांड्यावरून जातो. दोघांमध्ये बोट जाईल एवढी जागा. पाइपवर एका ठिकाणी काजळी नव्हती. नाण्याएवढा डाग घासून चकचकीत झाला होता. गाडीत दोन जाड माणसं बसली, वर पेडल दाबल्याने मागचा भाग आणखी खाली आला, की दांडा पाइपला लागत होता. तो खडखडाट पाइपमधून थेट इंजिनापर्यंत जायचा आणि कान त्याला ठोका समजायचा. आत काही नव्हतं. इंजिन चांगलं होतं. तू म्हणाला होतास तसंच.

मी चुकीचं वाचलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. मायनस पाच होतं. तू असतास तर यावर आणखी एक रविवार भांडलो असतो, की फसलेल्या कानाने दिलेलं रीडिंग खरं म्हणायचं की खोटं. तू म्हणाला असतास खोटं. मी म्हणालो असतो, रीडिंग खरं, अर्थ खोटा. आणि तू वहिनींना म्हणाला असतास, ह्याला अजून एक भाकरी वाढ, त्याशिवाय हा गप बसायचा न्हाई. पण एक्सेलचं जे मी बोललो ते कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही. त्याचं उत्तर मी तुला द्यायचं होतं आणि ते मी तुझ्या बायकोला दिलं.

फाट्यावरूनच फोन केला. म्हणालो, वहिनी, त्यांनी एकही आकडा बदलला नव्हता. एकटे असताना शून्यच यायचं. मी बसलो की मायनस यायचं, माझ्या वजनाने. पाइप लागत होता.

पलीकडून गाय हंबरलेली ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी दोघंबी खरं."

मी हो म्हणालो.

"येवढी दोन शिकल्याली माणसं," त्या म्हणाल्या. "एकदा कुनी गोणी बसवून बघितली न्हाई."

आणि फोन ठेवला. त्या रडत होत्या की नाही ते मला सांगता येणार नाही. मी ऐकलं तेवढंच लिहितो.

काळेंसाठी कागद मी तिथंच बसून लिहिला. इंजिनात दोष नाही, अमुक दोष पाइपला होता, तो काढला, दोन माणसांचं वजन ठेवून पुन्हा तपासलं. खाली सही करायची राहिली, कारण तो अजून काढायचा होता आणि तपासायचं होतं. वेल्डरने खड्ड्यात उतरून वर बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाई ओ मामा. पाइपची कडी कापतो आन् अर्धा इंच वर जोडतो. बसा."

मी बसलो नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या खड्ड्यातून वर येत होत्या. आजवर त्या गाडीला एक गोष्ट कळत होती जी दुसऱ्या कशालाच कळत नव्हती. तिच्यात तू एकटा आहेस की आपण दोघं, हे ती दर रविवारी न चुकता सांगायची, आणि आकड्यात सांगायची. मला थांब म्हणावंसं वाटलं. पण काळेंच्या शेजारी उद्या कुणी बसेल, त्यांना खोटा ठोका देऊन कसं चालेल.

अर्ध्या तासात झालं. दुसरी गोणी बांधावरून परत आणून बेल्ट लावला आणि पट्ट्यावर गेलो. शून्य. आता गाडीत कितीही माणसं बसली तरी शून्यच येईल.

परत फाट्यावर येऊन कागदावर सही केली. वेल्डरने तीनशे मागितले. घासाघीस न करता तीनशे रुपये रोख त्याच्या हातात दिले.